परमुलखातील काडीमोड

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, कंत्राटी मजूर, फार तर खाणीतले अपघात यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच चुकीची आहे असे नाही. यंदा पत्रिकेवर आमच्या नावापुढे काडीमोडीचा विषय छापून आला तेव्हा आमच्याच संघटनेतील दोघातिघांनी घरी येऊन "सगळे ठीक आहे ना?" अशी हळूच चौकशी केली. सगळे ठीक आहे. विषय आमच्या घरचा नव्हे. पण तो आमच्या टेबलावर आलेला आहे, आणि त्यात आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती चूक का झाली हे शोधताना जो इतिहास वाचावा लागला, तोच आज सांगावयाचा आहे.

गोष्ट २००९ सालची. आमच्या भागातील कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक फोरमन आपल्या मुलीला घेऊन संघटनेच्या कचेरीत आले. मुलगी अमेरिकेत दिली होती. तीन वर्षे तेथे संसार झाला. मग नवऱ्याने "महिनाभर आईबापांकडे राहून ये" म्हणून तिकीट काढून दिले, आणि ती इकडे येऊन दोन महिने होतात न होतात तोच तेथील न्यायालयाचा कागद आला. नवऱ्याने घटस्फोट मागितला आहे, अमुक दिवसांत उत्तर द्या, नाही तर एकतर्फी निकाल होईल. कागद इंग्रजीत. आम्ही नववीत शाळा सोडलेली. इंग्रजी शिकलो ते कामगार कायद्यांची पुस्तके शब्दकोश मांडीवर घेऊन वाचता वाचता. कागद दोनदा वाचला आणि मोठ्या ऐटीत सांगितले, "बाई, लग्न येथे झाले, हिंदू पद्धतीने झाले. परक्या देशाच्या न्यायाधीशाला ते मोडण्याचा अधिकार नाही. कागद कपाटात ठेव, उत्तर देऊ नकोस." ती म्हणाली, "काका, नक्की ना?" आम्ही म्हणालो, नक्की. कायद्याच्या दृष्टीने ते अर्धे बरोबर होते. उरलेल्या अर्ध्याकडे वळण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आमच्या भाषेत घटस्फोट हा शब्द अलीकडचा, पुस्तकी. जुने शब्द काडीमोड, सोडचिठ्ठी आणि फारखती. अनेक जातींत पंचांसमक्ष नवराबायकोने गवताची काडी मोडावयाची, की संबंध तुटला. फारखती हा शब्द मात्र नीट पाहण्यासारखा आहे. सावकाराचे देणे फिटले म्हणजे तो लिहून देत असे ती फारखती, आणि नवऱ्याने बायकोला मोकळे केल्याचा कागद तीही फारखती. म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या मनात नाते तुटणे आणि हिशेब चुकता होणे ही एकाच बैठकीत उरकण्याची कामे होती. काडी मोडली त्याच पारावर देण्याघेण्याचेही बोलणे व्हायचे.

आपल्या चांद्याच्या रानात हे आजही पाहावयास मिळते. माडिया आणि गोंड समाजात लग्नाला देज द्यावे लागते. ते देण्याची ऐपत नसलेला मुलगा सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबून ते फेडतो. पुढे पटले नाही तर गावचे भूमिया आणि पंच बसतात. बाई दुसऱ्याच्या घरी गेली असेल तर त्या दुसऱ्याने पहिल्याला भरपाई द्यावी, असा रिवाज रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदला आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा झाला तेव्हाही अनुसूचित जमातींना त्यातून वगळले गेले आणि इतर जातींतील रूढीच्या काडीमोडीलाही धक्का लावला नाही. तेव्हा येथील पंचांचा निवाडा हा केवळ गावगप्पांचा भाग नाही, त्याला कायद्यात जागा आहे.

या पंचायतीचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा विचार नाही. भरपाई एका पुरुषाकडून दुसऱ्या पुरुषाकडे जाते; बाईच्या ओटीत त्यातले काय पडते हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. पण एक गुण कबूल केला पाहिजे. पंच त्याच गावचे. कोणाकडे किती बैल आहेत, कोणाचे मोहाचे झाड कोठे आहे, हे त्यांना ठाऊक. देणारा पळून पळून जाणार कोठे? फार तर पर्लकोटेपलीकडे.

खरी पंचाईत सुरू होते ती माणूस आपला मुलूख सोडतो तेव्हा, आणि ही पंचाईत आपल्याकडे प्रथम कोणाची झाली असेल तर ती साहेबाची! मेजर ल्यूसी स्मिथ चांदा जिल्ह्याची जमाबंदी करीत होते त्याच सुमारास, १८६९ साली, हिंदुस्थानात ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात दाव्याच्या काळात बायकोला द्यावयाच्या पोटगीला नवऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या एकपंचमांशाची मर्यादा होती. जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रज अधिकारी राहत. त्यांचे संसार येथे, भांडणे येथे, साक्षीदार खानसामे आणि आया येथलेच. साहजिकच त्यांचे घटस्फोटही येथील न्यायालयांत होऊ लागले.

परंतु १८९५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे सिलोनमधील एका इंग्रज सनदी नोकराचा दावा गेला. निवाडा असा झाला की, माणूस नोकरीसाठी कोठेही वर्षानुवर्षे राहो, त्याचे कायमचे घर ज्या देशात, त्याच देशाचे न्यायालय त्याचे लग्न मोडू शकते. कायद्याच्या भाषेत याला अधिवास म्हणतात. बायकोला तर स्वतःचा अधिवासच नव्हता. नवऱ्याचा तोच तिचा. हे विलायतेत १९७४ सालापर्यंत चालले, हे ऐकून श्रोत्यांतील ज्या भगिनी हसत आहेत त्यांचे हसणे योग्यच आहे.

१९२१ साली या निवाड्याचा फटका बसला. एका लष्करी अधिकाऱ्याला हिंदुस्थानातील न्यायालयाने दिलेला घटस्फोट लंडनच्या न्यायालयाने रद्दबातल ठरविला, कारण त्याचा अधिवास इंग्लंडचा. आता विचार करा. त्याआधीच्या काळात येथे घटस्फोट घेऊन ज्या साहेबांनी आणि मडमांनी दुसरी लग्ने केली होती, ती सारी लग्ने एका दिवसात संशयात पडली, आणि मुलांच्या वारशाचा प्रश्न उभा राहिला. क्लबांतून कसा हाहाकार उडाला असेल याची कल्पना करवते. मग पार्लमेंटने काय केले? त्याच वर्षी कायदा करून मागचे सर्व घटस्फोट वैध ठरविले. पाच वर्षांत, म्हणजे १९२६ साली, दुसरा कायदा करून येथील उच्च न्यायालयांना इंग्लंड-स्कॉटलंडच्या अधिवासी लोकांचे लग्न मोडण्याचा अधिकार दिला. आणि १९२१ सालीच हिंदुस्थानात पोटगीचे हुकूम साम्राज्यातील एका देशातून दुसऱ्या देशात बजावण्याचा कायदा झाला. बायको विलायतेत आणि नवरा नागपुरास असला तरी तिच्या पोटगीचा हुकूम येथे वसूल व्हावा, अशी सोय त्यात होती. आमचे म्हणणे एवढेच की परमुलखात राहणाऱ्याच्या काडीमोडीचे त्रांगडे सुटत नाही असे नाही. ज्यांच्या हाती सत्ता त्यांच्या घरात ते शिरले तेव्हा पाच वर्षांत सुटले.

अमेरिकेत गोष्ट उलट्या दिशेने गेली. तेथे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. नेवाडा नावाच्या वाळवंटी राज्याने १९३१ साली सहा आठवडे राहिले की रहिवासी, असा नियम केला, आणि देशभरचे लोक तेथे हॉटेलात सहा आठवडे काढून, काडी मोडून परत जाऊ लागले. मागे राहिलेल्या बायकांचे काय, हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९४८ साली त्याने एक मार्मिक निर्णय दिला. घटस्फोटाचे दोन तुकडे करता येतात. नेवाडाचे न्यायालय लग्न मोडू शकेल. पण जी बाई त्याच्यापुढे आलीच नाही तिचा पोटगीचा हक्क ते बुडवू शकत नाही. काडी तेथे मोडली तरी देणे शिल्लक. हा निर्णय आम्ही २००९ साली वाचला असता तर फार बरे झाले असते.

आता आपल्याच जुन्या मध्य प्रांतातील एक उदाहरण. चांद्याप्रमाणे मंडला हाही त्याच प्रांताचा जिल्हा, आणि तेथेही गोंडांची वस्ती. व्हेरियर एल्विन हे इंग्रज गृहस्थ १९२७ साली प्रथम पुण्यास ख्रिस्तसेवा संघात आले. पुढे १९३२ साली शामराव हिवाळे या आपल्या मराठी सहकाऱ्याबरोबर मंडल्याच्या रानात जाऊन राहिले. आदिवासींवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्धच आहेत. १९४० साली त्यांनी कोसी नावाच्या गोंड मुलीशी गोंड रिवाजाने लग्न केले. हा संसार टिकला नाही. १९४९ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात त्यांना एकतर्फी घटस्फोट मिळाला. पुढे १९५३ साली त्यांनी दुसरे लग्न केले, १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले, १९६१ साली पद्मभूषण झाले, आणि १९६४ साली वारले. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या जाड पुस्तकात या पहिल्या संसाराला फार थोडी जागा आहे. कोसीबाई मात्र पुढे कित्येक दशके रानातल्या खेड्यातच राहिल्या, आणि म्हातारपणी त्यांच्या हलाखीची हकिकत वर्तमानपत्रांतून छापून आली.

एल्विन यांच्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. आदिवासींची बाजू जगापुढे मांडणाऱ्यांत त्यांचे नाव वर आहे, आणि या संसारासंबंधी त्यांनी स्वतः खेद व्यक्त केला आहे. पण या प्रकरणाचा नकाशा काढून पाहा. नवरा परदेशी, बायको येथली. लग्न गोंडांच्या मांडवात. काडी कलकत्त्यास. एकतर्फी निकाल म्हणजे एक बाजू न्यायालयात नव्हती. मग या खटल्यात परका कोण? इंग्लंडात जन्मलेला माणूस कलकत्त्याच्या न्यायालयात घरच्यासारखा वावरला, आणि या मातीतली बाई तेथे परकी ठरली. पारपत्रावर काय लिहिले आहे त्यावरून परकेपण ठरत नाही. न्यायालय कोणापासून किती दूर, आणि त्याची भाषा कोणाला येते, यावरून ते ठरते. हे आम्ही खाणकामगारांच्या बाबतीत रोज पाहतो. कंत्राटदाराचे मुख्य कार्यालय दुसऱ्या प्रांतात. मजूर मेला तर विधवेने भरपाईसाठी कोठे जावे? कायदा १९२३ चा, पण तिने आपण राहतो त्या ठिकाणीच अर्ज करावा ही सोय १९९५ साली आली. बहात्तर वर्षांनी!

नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी ही सोय तुकड्यातुकड्याने आली. जुन्या फौजदारी संहितेत, १८९८ च्या, पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये. १९२३ साली ती १०० झाली, १९५५ साली ५०० आणि २००१ साली मर्यादाच निघाली. दावा कोठे लावावयाचा? तर नवरा राहतो तेथे, किंवा जेथे दोघे शेवटी एकत्र राहिली तेथे. १९७४ सालापासून नवी संहिता आली आणि बायको राहते तेथेही अर्ज चालू लागला. शिवाय घटस्फोटितेलाही पोटगी मिळू लागली. घटस्फोटाच्या अर्जाबाबत हीच सवलत हिंदू विवाह कायद्यात २००३ साली घातली गेली.

मधल्या काळात आपली माणसे समुद्रापार जाऊ लागली होती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका बाईच्या प्रकरणाचा निकाल दिला. नवऱ्याने काडी मोडली होती ती, श्रोत्यांनी ओळखलेच असेल, नेवाडात. न्यायालयाने सांगितले की तेथील रहिवासी असल्याची बतावणी करून मिळविलेला हा निकाल आम्ही मानीत नाही. १९९१ साली आंध्रातील एका जोडप्याच्या खटल्यात नियम अधिक स्पष्ट झाला. ज्या कायद्याखाली लग्न झाले तो कायदा ज्या न्यायालयाला मानतो, आणि जी कारणे मानतो, त्याच न्यायालयाने त्याच कारणांसाठी दिलेला घटस्फोट येथे धरला जाईल. लग्न पार मोडले आहे एवढ्याच कारणावर परदेशात मिळालेला निकाल धरला जाणार नाही. याला अपवाद आहेत. समोरचा पक्ष त्या न्यायालयात आपखुशीने उभा राहून लढला असेल, किंवा त्याने संमती दिली असेल, तर निकाल बांधतो.

येथे सापळा कसा आहे तो पाहा. बाई तेथे जाऊन लढली, तर निकाल विरुद्ध गेल्यास तो येथेही गळ्यात पडतो. गेली नाही, तर भारतात ती बायकोच राहते. पण तिकडे नवरा मोकळा, दुसरे लग्न करावयास मोकळा, आणि तेथील घर, बँकेतले पैसे, निवृत्तीचा निधी यांची वाटणी मागावयास तिच्या बाजूने कोणी नाही. मधला एक मार्ग असतो. वकिलामार्फत लेखी कळवावयाचे की, तुमचा अधिकार आम्हांस मान्य नाही, एवढ्याचसाठी हा कागद. आणि पैशाचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही. हा मार्ग आम्हांस ठाऊक नव्हता. आम्ही कागद कपाटात ठेवावयास सांगितले. मुदत टळली, निकाल एकतर्फी झाला, घर नवऱ्याकडे राहिले. १९४८ च्या त्या निर्णयाचा आधार घेऊन पुन्हा तेथे दावा लावता येईल, असे पुढे नागपूरच्या एका जाणत्या वकिलाने सांगितले. पण तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. नाते तुटले तसा तोही तुटला. तेथल्या वकिलाची फी ऐकून फोरमन काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

उलट, येथल्या न्यायालयाचा पैशाचा हुकूम तेथे बजावावा म्हणाल, तर दिवाणी संहितेप्रमाणे ज्या देशांशी तसा परस्परसंबंध जाहीर झाला आहे तेथपुरतेच ते सोपे. ब्रिटन आणि सिंगापूर त्यात आहेत, संयुक्त अरब अमिराती २०२० साली आली. अमेरिका त्या यादीत नाही. १९९४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका टाकलेल्या बाईच्या खटल्यात सरकारला सुचविले होते की, परदेशस्थ भारतीयाचे येथे झालेले लग्न केवळ परदेशी निकालाने मोडू नये, बायकोला नवऱ्याच्या येथील आणि तेथील मालमत्तेतून पुरेशी पोटगी मिळावी, आणि येथील हुकूम तेथे बजावला जावा. २००९ साली विधी आयोगाने या विषयावर अहवाल दिला. २०१९ साली अशा लग्नांच्या नोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. २०२४ साली विधी आयोगाने पुन्हा अहवाल दिला की सर्वंकष कायदा व्हावा. साहेबाची पाच वर्षे आम्ही मघाशी मोजली. ही तीस वर्षे श्रोत्यांनी मोजावीत. आणि हे अशक्य आहे असेही नाही. इंग्लंडने १९८४ सालीच कायदा केला आहे की, घटस्फोट परदेशात झाला आणि तेथे पैशाची नीट सोय झाली नाही, तर इंग्लंडशी पुरेसा संबंध असलेल्या पक्षाला तेथील न्यायालय सोय करून देऊ शकते. लागोसला घटस्फोट झालेल्या एका नायजेरियन वंशाच्या बाईला या कायद्याने लंडनच्या घराच्या किमतीतला वाटा मिळाला आणि २०१० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

आमच्या फोरमनच्या मुलीला येथे जे करणे शक्य होते ते आम्ही केले. चूक आमची होती, तेव्हा धावपळही आमचीच. राहत्या ठिकाणच्या न्यायालयात पोटगीचा अर्ज केला. नवरा आला नाही, हुकूम झाला. थकलेल्या पोटगीचा अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो, नाही तर ती थकबाकी त्या मार्गाने हाती लागत नाही. म्हणून आम्ही कचेरीतल्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने तारखा लिहून ठेवल्या. मजुरीच्या थकबाकीच्या तारखा जेथे लिहितो तेथेच. नवऱ्याचा अमेरिकेतला पत्ता दोनदा बदलला. पण माणसाचे पत्ते बदलतात, शेताचे बदलत नाहीत. ब्रह्मपुरीकडे धानाच्या शेतात वडिलांबरोबर त्याच्या नावाचा हिस्सा सातबाऱ्यावर होता. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याची तरतूद संहितेत आहे; त्याप्रमाणे त्या हिश्श्यावर बोजा चढला.

मग एके दिवशी मुलाचे वडील आमच्या कचेरीत आले. धोतर, खांद्यावर दुपट्टा, पायांना चिखल. म्हणाले, "भाऊ, पोरगा तिकडं हाये. मंग माह्या वावरावर कायले?" आम्ही त्यांना चहा दिला आणि सातबारा दाखवला. बराच वेळ ते त्या कागदाकडे पाहत बसले. पंधरा दिवसांनी धान विकून पैसे घेऊन आले. सूनही आली होती. त्यांच्या पाया पडली. वकिलाचा कारकून पावती लिहू लागला तेव्हा म्हातारे म्हणाले, "फारखती लिहा." कारकुनाने लेखणी थांबवून आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "नाही बाबा. थकबाकीपोटी, एवढंच लिहा."

तसेच लिहिले.